इंग्लंडमधल्या छोट्या गावात घर घेतोय, चोऱ्यामाऱ्या आणि सेफ्टीचं खरं चित्र काय आहे?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. आम्ही सहा वर्षं लेस्टरला आहोत, आता नवऱ्याला लिंकनला जॉब लागलाय आणि घरं बघता बघता लाउथच्या अलीकडे वोल्ड्समधल्या (लिंकनशायरमधल्या टेकड्यांच्या भागातल्या) एका छोट्या गावात येऊन अडकलोय. गाव म्हणजे दीडेकशे घरं, एक चर्च, एक पब, एक प्रायमरी शाळा, बस. दुकान नाही. घर मला इतकं आवडलंय की काय सांगू, मागे मोठं आवार, त्याच्या कुंपणापलीकडे नुसती शेतं. पण आम्ही दुसऱ्यांदा बघायला गेलो ते नोव्हेंबरात, साडेचार वाजता, आणि बाहेर पडलो तर डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार, रस्त्यावर एकही दिवा नाही. तिथेच पोटात गोळा आला.

मग घरी येऊन पोलिसांच्या साइटवरचा क्राइम मॅप उघडला, तर एवढ्याशा गावात वर्षभरात 'व्हायलन्स अँड सेक्शुअल ऑफेन्सेस' या नावाखाली चार नोंदी, दोन चोऱ्या आणि जवळजवळ सगळ्यांपुढे 'नो सस्पेक्ट आयडेंटिफाइड'. म्हणजे कोणी सापडलंच नाही. नवरा महिन्यातून एक आठवडा टूरवर असतो, तेव्हा मी आणि मुलं (9 आणि 6) एवढेच घरात. गावात भारतीय बहुतेक आम्हीच असू. 2024 च्या ऑगस्टमध्ये स्थलांतरितांविरुद्ध जे दंगे झाले त्यानंतर हा विचार मनातून जातच नाही. आई म्हणतेय येताना पेपर स्प्रे घेऊन येते. गावात प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी प्लीज खरं काय ते सांगा, धीर द्यायला म्हणून गोड बोलू नका.

गव्हाळ_वाट

आम्ही श्रॉपशरमध्ये एका खेड्यात 17 वर्षं राहतोय, तुमच्या गावापेक्षाही लहान. आधी त्या मॅपचं सांगतो कारण त्यानेच लोक सगळ्यात जास्त घाबरतात.

त्या मॅपवरचा ठिपका म्हणजे घटना घडली ते घर नव्हे. कोणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून ते मुद्दाम जवळच्या एका ठरलेल्या पॉइंटवर सरकवतात आणि असा पॉइंट निवडताना त्याच्या परिसरात निदान आठ पत्ते तरी हवेत (किंवा एकही नको) असा नियम आहे. शहरात त्याने शंभर पावलांचा फरक पडेल, खेड्यात मात्र दीड-दोन मैलांवरच्या फार्महाउसमधलं भांडण तुमच्या गावच्या पबच्या कार पार्कवर येऊन बसतं. दुसरं म्हणजे ते जे भयंकर नाव आहे त्या कॅटेगरीत सगळंच कोंबलेलं असतं, धक्काबुक्की, त्रास देणं, घाणेरडे मेसेज पाठवणं, घटस्फोट चाललेल्या नवराबायकोची तक्रार, सगळं. चार नोंदी म्हणजे चार वेळा अंधारात कोणीतरी बाईवर हल्ला केला असं अजिबात नाही. आणि दर हजारी आकडा बघू नका, चारशे माणसांच्या गावात दोन घटना वाढल्या की तो एकदम आकाशाला भिडतो.

त्यापेक्षा एक करा, गावच्या पॅरिश काउन्सिलची (इथली ग्रामपंचायतच म्हणा) मिनिट्स, म्हणजे बैठकांची इतिवृत्तं, बहुतेक वेबसाइटवर असतात, मागच्या दोन वर्षांची बसून वाचा. लोक कशावर तक्रार करतायत ते तिथे स्वच्छ कळतं. आमच्याकडे पानंच्या पानं गाड्यांच्या स्पीडवर आणि शेताच्या कडेला कोणीतरी आणून टाकलेल्या गाद्या-फ्रिजवर आहेत.

आता खरं काय चोरीला जातं ते. घराच्या आतलं कमी, बाहेरचं जास्त. शेडमधली हत्यारं, सायकली, गवत कापायचं मशीन, क्वाड बाइक, ट्रॅक्टरमधला जीपीएस. हे काम हौशी पोरांचं नाही, टोळ्या असतात, एनएफयू म्युच्युअल ही शेतकऱ्यांची इन्शुरन्स कंपनी दरवर्षी हिशोब काढते त्यात 2023 मध्ये ब्रिटनभर ग्रामीण गुन्ह्यांचा खर्च 5 कोटी 28 लाख पौंड निघाला होता. चर्चच्या छपरावरचं शिसंसुद्धा नेतात, आमच्या चर्चचं गेलं ते कोणाला कळलंच नाही, पुढच्या पावसात बाकांवर पाणी गळायला लागलं तेव्हा वर चढून बघितलं तर एका बाजूला नुसत्या फळ्या.

आमच्यावर बेतलं ते तेलाने. तुमच्या त्या गावात गॅसची लाइन आहे का हे विचारलंत का? नसेल तर हीटिंग ऑइलची (घर तापवायच्या तेलाची) टाकी असणार, हजारेक लिटरची. जानेवारीत एके दिवशी सकाळी उठलो तर रेडिएटर गार, बॉयलर लॉकआउट दाखवतोय, मला वाटलं मशीन बिघडलं. मागे गेलो तर टाकीचा गेज तळाला, झाकणाची कडी कापलेली आणि हेजमधून (झुडपांच्या कुंपणातून) पलीकडच्या लेनपर्यंत गवतावर पाइप ओढल्याची सरळ पट्टी. तीनच दिवसांपूर्वी टँकर भरून गेला होता. बायको त्या दिवशी मुलाला कोट घालून जेवायला बसवत होती ते अजून डोळ्यासमोर आहे. 101 वर (पोलिसांचा तातडी नसलेल्या तक्रारींचा नंबर) नोंद केली, क्राइम नंबर मिळाला, इन्शुरन्सने काही पैसे दिले, चोर सापडले नाहीत. मग टाकी लेनवरून दिसणार नाही अशा जागी हलवली, भोवती खडी टाकली (पावलांचा आवाज होतो), लेव्हल अचानक उतरली तर फोनवर वाजणारा अलार्म बसवला. त्याला नऊ वर्षं झाली, पुन्हा काही नाही.

निशिगंध

मी तुमच्या जवळच आहे, हॉर्नकॅसलच्या बाजूला, नर्स आहे, नाइट करते. अंधारात एकटी ये-जा करणारी बाई म्हणून सांगते, माणसाची भीती मला इथे लेस्टरपेक्षा कमी वाटते (मी पण तिथे चार वर्षं होते). भीती वाटते ती रस्त्याची, आणि याबद्दल घर बघताना कोणी बोलतच नाही.

लिंकनला जायचं म्हणजे ए157 नाहीतर ए158. ग्रेट ब्रिटनमध्ये रस्त्यावर जेवढी माणसं मरतात त्यातली निम्म्याहून जास्त ग्रामीण रस्त्यांवर मरतात, मोटरवेवर नाही. कारण इथे एकेरी पदरी, वळणावळणाचा, हेजने दोन्हीकडून झाकलेला रस्ता, त्यावर लिमिट 60, आणि लोक ते टार्गेट समजतात. हिवाळ्यात बीटाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर आणलेला चिखल, धुकं, हरणं, आणि बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकणारी गाडी मुख्य रस्त्यांवरच फिरते, गावातल्या लेनवर नाही. माझी गाडी एकदा पहाटे सहाला बर्फावर घसरून डाइकमध्ये गेली, म्हणजे शेताच्या कडेचा खोल चर असतो ना त्यात, फोनला रेंज एकच काडी. तेव्हापासून गाडीत ब्लँकेट, टॉर्च, हाय-व्हिज जॅकेट आणि पॉवर बँक कायम असते. 999 हा इमर्जन्सी नंबर स्वतःच्या नेटवर्कला रेंज नसेल तर दुसऱ्या नेटवर्कवरून लागतो हे लक्षात ठेवा, आणि तीन शब्दांत नेमकी जागा सांगणारं व्हॉटथ्रीवर्ड्स ॲप टाकून ठेवा, कारण इथे घरांना नंबर नाहीत, नावं आहेत, आणि एक पोस्टकोड मैलभर पसरलेला असतो. ॲम्ब्युलन्सला 'ओकच्या झाडापुढचं वळण' सांगत बसायची वेळ येऊ नये.

मुलांचं. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चालायचं, हे पहिल्या दिवसापासून शिकवा. शाळा गावात आहे हे चांगलंच, पण मोठीच्या सेकंडरीचा विचार आत्ताच करा. आठ वर्षांखाली दोन मैल आणि त्यावर तीन मैलांपेक्षा सगळ्यात जवळची योग्य शाळा लांब असेल तर काउन्सिल फुकट ट्रान्सपोर्ट देते, आणि अंतर कमी असूनही चालायचा रस्ता सुरक्षित नसेल तरी देते, ते मागून घ्यावं लागतं.

पोलिस यायला वेळ लागतो, हे खरं आहे. लिंकनशायर केवढं पसरलंय आणि फोर्स केवढी. ॲम्ब्युलन्सलाही लागतो. म्हणून इथे लाइव्हजचे स्वयंसेवक असतात, गावातलाच ट्रेनिंग घेतलेला माणूस ॲम्ब्युलन्सच्या आधी पोचतो. घर घेतलंत तर पहिल्या आठवड्यात डिफिब्रिलेटर (हृदय बंद पडल्यावर शॉक द्यायचं मशीन) कुठे आहे ते बघून ठेवा, बऱ्याच गावात जुन्या लाल फोन बॉक्समध्ये असतो. त्याच्या पेटीचा कोड 999 वाले सांगतात.

एक अजून. पीक निघाल्यावर शेतात फोर बाय फोर घेऊन चारपाच माणसं आणि लर्चर कुत्री दिसली तर ते हेअर कोर्सिंगवाले, सशांमागे कुत्री सोडून पैजा लावतात. 2004 च्या हंटिंग ॲक्टने बंदी आहे, आमच्या पोलिसांचं त्यासाठी ऑपरेशन गॅलिलिओ म्हणून वेगळं काम चालतं. त्यांच्या जवळ जायचं नाही, फोटो काढायला उभं राहायचं नाही, लांबून 999.

कोकणकडा

पेपर स्प्रेचं वाचून राहवलं नाही. ताई, आईंना आजच फोन करून सांगा, अजिबात आणू नका! पेपर स्प्रे इथे 1968 च्या फायरआर्म्स ॲक्टखाली प्रोहिबिटेड वेपन आहे, बॅगेत नुसता सापडला तरी गुन्हा. त्याऐवजी पर्सनल अलार्म मिळतो, पिन ओढली की कानठळ्या बसतात, तो कायदेशीर आहे.

सोनं हा मोठा मुद्दा आहे आणि तो गावाचा नाही, आपला आहे. आशियाई घरात सोनं असतं हे चोरांना पक्कं माहीत आहे, दिवाळी-लग्नसराईच्या आधी ठिकठिकाणचे पोलिस त्याबद्दल खास सावध करतात. माझ्या बहिणीकडे दुपारी दोन वाजता फोडलं, टीव्ही-लॅपटॉपला हात नाही, सरळ बेडरूम आणि किचनमधले डाळ-तांदळाचे डबे उपडे केलेले. आईच्या पाटल्या गेल्या. इन्शुरन्सने एका दागिन्याची जी मर्यादा असते तेवढंच दिलं कारण तिने दागिने वेगळे लिहून दिले नव्हते. तेव्हा सगळ्यांचे फोटो, वजन, पावत्या, आणि पॉलिसीत एकेक नाव घालून घ्या. इथल्या हाय स्ट्रीट बँकांनी लॉकर बहुतेक बंदच केलेत, लेस्टरसारख्या शहरात प्रायव्हेट व्हॉल्ट असतात तिथेच ठेवा, गावात घेऊन जाऊच नका.

ताबा मिळाला त्याच दिवशी सगळ्या दारांचे सिलिंडर बदला, अँटी-स्नॅप, थ्री स्टारवाले. जुन्या किल्ल्या किती जणांकडे आहेत कोणाला ठाऊक, आणि साधं युरो सिलिंडर पकडीने मोडायला मिनिटसुद्धा लागत नाही. गाडी कीलेस असेल तर किल्ली दाराजवळच्या बाउलमध्ये नको, सिग्नल अडवणाऱ्या पाउचमध्ये.

निशिगंध

रंगाचा प्रश्न राहिला, तो मुद्दाम वेगळा लिहितेय.

पहिले सहा महिने बघतात. पबमध्ये शिरलं की क्षणभर बोलणं थांबतं, ते खरंच थांबतं. दुकानात एकदा एक माणूस तोंडावर घाण बोलला, मी 101 वर हेट क्राइम म्हणून नोंद केली, आणि तुम्हीही करा, आपल्यातले फार गिळून टाकतात. पण 2024 च्या त्या आठवड्यात दंगे झाले ते रॉदरम, हल, मिडल्सब्रो, संडरलंड अशा ठिकाणी, आमच्या गावात पानही हललं नाही. तरी मी घाबरले होते, चार दिवस मुलाला बागेत सोडलं नाही. पाचव्या दिवशी शेजारची म्हातारी, ऐंशीच्या पुढची, चिखलाचे वेलिंग्टन घालून दारात उभी. हातात एका पाकिटाच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला तिचा नंबर. म्हणाली माझं मागचं फाटक आजपासून रात्री उघडं आहे, केव्हाही ये, विचारू नकोस. ते पाकीट अजून फ्रिजवर आहे.

म्हणून घर बघताना शेजार बघा. एजंटला टाळून आजूबाजूची दोन दारं ठोठावा. नेबरहुड वॉच ब्रिटनमध्ये सुरू झालं ते 1982 साली चेशरमधल्या मॉलिंग्टन नावाच्या खेड्यातच, लंडनमध्ये नाही, कारण खेड्यात लोकांना एकमेकांच्या गाड्या तोंडपाठ असतात. याला चांभारचौकशी म्हणायचं तर म्हणा, मला त्यातच झोप लागते.

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोन केला, स्प्रे रद्द. मिनिट्स वाचली, दोन वर्षांत पोलिसांचा विषय तीनदा, दोनदा शेड आणि एकदा तेलच! गव्हाळ_वाट, तुमचं वाचलं नसतं तर मी तो शब्द ओलांडून पुढे गेले असते.

शनिवारी मुद्दाम संध्याकाळी परत गेलो, दोन दारं ठोठावली. एका घरी कोणी नव्हतं. दुसऱ्या घरी साठीचे आजोबा, त्यांनी आत बोलावून चहा दिला आणि पहिलाच प्रश्न केला, टाकीला कुलूप आहे का बघितलंत? नाहीये. लेनवरून सरळ दिसते. गावात ऑइल क्लब आहे, सगळे मिळून ऑर्डर देतात, आणि टँकर येऊन गेला की तो आठवडाभर आळीपाळीने बघून येतात म्हणाले. निघताना टॉर्च घेऊन गाडीपर्यंत आले आणि आमचा नंबर लिहून घेतला.

एक विचारायचं राहिलं, टाकी हलवायला साधारण काय काय लागतं, परवानगी वगैरे?

गव्हाळ_वाट

घरासाठी लगेच ऑफर देऊ नका, आधी ऑफटेककडे (तेलाच्या हीटिंगचं काम करणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंद असलेल्या टेक्निशियनला बोलवून टाकी बघून घ्या. भिंत, हद्द, खिडक्या, नाला यांपासून किती अंतर हवं याचे नियम आहेत, ते तो जागेवर सांगेल आणि खर्चाचा अंदाज लेखी देईल. टाकी जुनी सिंगल स्किन असेल तर हलवण्यापेक्षा बंडेड, म्हणजे दुहेरी भिंतीची, नवीनच घ्या, आणि तो आकडा घराच्या किमतीतून कमी करून मागा. आमच्या वेळी आम्ही मागितला नव्हता.

तोवर खडी आणि एक चांगलं कुलूप. हे मात्र ताबा मिळाल्या दिवशीच.