सोसायटीच्या बागेतली कण्हेर काढावी का?

पूर्वा, मुलुंड: आमच्या कंपाउंडलगत कण्हेरीची रांग आहे, लॉबीत सागो पामच्या कुंड्या. छाटलेल्या फांद्या बाकाशेजारी तशाच पडून असतात. परवा एका बीगलच्या पिल्लाने त्यातलीच काटकी उचलली. मालकिणीने लगेच तोंडातून काढली म्हणून निभावलं. कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ सगळंच विषारी. वाळलं तरी विष जात नाही, आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. निदान बाकांजवळची कण्हेर काढून तिथे जास्वंद, मोगरा, अबोली लावावी, असं माझं ठाम मत आहे.

जोशीकाका: माझा विरोध. 20 वर्षं ही झाडं उभी आहेत, एकही कुत्रं दगावलेलं नाही. पान कडूजहर, भटकी कुत्री ढुंकून बघत नाहीत. रस्त्यांच्या दुभाजकांवर कण्हेर उगाच लावत नाहीत, उन्हाळ्यात कमी पाण्यावर तगते म्हणून लावतात. शिवाय रोज पूजेला फुलं मिळतात. कुत्रं तुमचं, पट्टा तुमच्या हातात.

पूर्वा, मुलुंड: काका, मोठं कुत्रं सोडून देतं, मान्य. पण दात येणारं पिल्लू दिसेल ते चावतं, आणि पट्टा बांधलेला असला तरी तोंड जमिनीलाच असतं.

अंधेरीचा बागवाला: मग चाफा, तगर, घाणेरी, डंबकेन सगळंच उपटा! चीक कशात नाही?

परळचा पशुवैद्य: सगळं एका मापाने मोजू नका. डंबकेन चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, सूज येते. जिवावर सहसा बेतत नाही. कण्हेरीने बेतू शकतं. तुम्ही मात्र कण्हेरीवरून भांडताय आणि लॉबीतला सागो विसरताय. कडू पान कुत्रं थुंकेल, सागोच्या बिया आवडीने चघळतं. त्याच दिवशी उलट्या होतात, त्या थांबल्या की घरचे निश्चिंत होतात, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होत असल्याचं कळतं. तेव्हा फार उशीर झालेला असतो. दोन्हींपैकी काहीही पोटात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढू नका, मिठानेच वेगळी विषबाधा होते. झाडाची फांदी किंवा फोटो घेऊन दवाखाना गाठा. लॉबीत शोभाच हवी तर अरेका पाम ठेवा, कुत्र्यांना त्याचा धोका नाही.

जोशीकाका: डॉक्टर, सागोचं पटलं. कुंड्या हलवायला माझी हरकत नाही. छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी उचलायला सेक्रेटरींना सांगतो. कण्हेर मात्र राहील.

पूर्वा, मुलुंड: काका, फांद्या उचलल्या तरी पानं गळतच राहणार, आणि त्याच बाकांखाली लहान मुलंही भातुकली मांडतात. मागच्या भिंतीलगतच्या कण्हेरीला मी हात लावायला सांगत नाही, पूजेची फुलं तिथून मिळतील. बाकांजवळच्या झाडांचा विषय मी सभेत मांडणार.