टेनपिन बोलिंगमध्ये जास्त तेलाच्या लेनसाठी बॉल निवडताना आधी कोअर (आतला गाभा) पाहावा की पृष्ठभाग?

एडिसनकर

लीगमध्ये लेनवर तेल लावण्याच्या नेहमीच्या सोप्या पॅटर्नऐवजी स्पोर्ट पॅटर्न (तेलाची अवघड मांडणी) लागला आणि बॉल तेलावरून सरळ निघून जाऊ लागला, की सर्वांत आक्रमक असममित (सर्व बाजूंनी सारखा नसलेल्या) कोअरचा बॉल विकत घ्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला मला मान्य नाही. लेनवर तेल जास्त असेल तर प्रथम पृष्ठभागाचा विचार करावा आणि कोअरकडे त्यानंतर वळावे, असे माझे ठाम मत आहे. बॉल वळतो तो घर्षणामुळे, आणि घर्षण होते ते कव्हरस्टॉक (बॉलचे बाहेरचे आवरण) व लेन यांच्यात; त्यामुळे आतला कोअर कितीही ताकदीचा असला तरी पॉलिश केलेले पर्ल प्रकारचे कव्हर तेलाच्या थरावरून घसरतच राहते. उलट सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह (तेलावर आधी पकड घेणाऱ्या प्रकारच्या) कव्हरचा साधा सममित बॉल 1000 किंवा 2000 ग्रिटच्या (आकडा जितका लहान, तितका खरबरीत) पॅडने घासून घेतला, तर तो बराच आधी पकड घेऊ लागतो. स्टॉर्म कंपनीचा फेज टू हा सममित कोअरचाच बॉल आहे, आणि तरीही जास्त तेलावर कितीतरी खेळाडू पिशवीतून प्रथम तोच बाहेर काढतात. नव्या बॉलवर मोठी रक्कम खर्च करण्याआधी काही डॉलरांचे पॅड वापरून पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

दहावी पिन

एडिसनकर, घर्षणाविषयी आपण लिहिले ते बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. बॉल परत आला की तो पुसण्याआधी एकदा नीट पाहावा. ज्या बॉलला फ्लेअर (फिरताना अक्षाचे सरकणे) जास्त असतो, त्यावर तेलाच्या कड्या एकमेकींपासून सुट्या उमटलेल्या दिसतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पृष्ठभागाचा नवा, कोरडा भाग लेनला लागलेला असतो. फ्लेअर कमी असलेला बॉल मात्र स्वतःच उचललेल्या तेलाच्या कडीवर पुन्हा पुन्हा फिरतो, आणि मग तो कितीही घासलेला असला तरी त्या खरबरीतपणाचा फारसा उपयोग राहत नाही. हा फ्लेअर कोअरच्या डिफरेन्शियलमधून, म्हणजे वेगवेगळ्या अक्षांभोवती फिरण्याच्या त्याच्या कलातील फरकातून, येतो. अमेरिकेतील बोलिंगची नियामक संस्था यूएसबीसीने त्याची कमाल मर्यादा 0.060 इतकी ठरवली आहे आणि ती किती काटेकोरपणे पाळली जाते, हे 2016 मध्ये सर्वांनी पाहिले. मोटिव्ह कंपनीच्या जॅकल आणि जॅकल कार्नेज या बॉलची मान्यता ती ओलांडल्यामुळेच काढून घेण्यात आली होती. कोअर दुय्यम असता, तर एवढ्या सूक्ष्म फरकासाठी कोणी बॉल बाद केला नसता.

दुसरे असे, की 500 ग्रिटपर्यंत घासलेला बॉल लवकर वळतो खरा, पण पिनपर्यंत पोहोचेपर्यंत त्याची शक्ती संपलेली असते. पॉकेटमध्ये (पहिल्या व तिसऱ्या पिनांच्या मधल्या जागी) लागूनही सहावी पिन गटारात आडवी पडते आणि दहावी तशीच उभी राहते, हे दृश्य उजव्या हाताने खेळणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. स्ट्राइकसाठी सुमारे 6 अंशांचा प्रवेशकोन उत्तम मानला जातो, आणि तेलावर तो कोन मिळवायचा असेल तर घासलेल्या मध्यम बॉलपेक्षा मजबूत असममित बॉल अधिक विश्वासाचा ठरतो.

शार्लटवासी

आपण दोघेही ‘जास्त तेल’ हे एकच गृहीत धरून लिहीत आहात, परंतु तेलाचे प्रमाण आणि पॅटर्नची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत 60 फूट अंतर असते. व्यावसायिक बोलिंग संघटना पीबीएचा बॅजर पॅटर्न 52 फुटांचा आहे, म्हणजे बॉलला वळायला शेवटचे 8 फूटच कोरडे मिळतात. लांबीतून 31 वजा करून ब्रेकपॉइंटचा (जेथून बॉल आत वळू लागतो त्या जागेचा) बोर्ड, म्हणजे लेनची कडेपासून मोजलेली फळी, काढण्याचा जो ठोकताळा आहे, त्यानुसार येथे 21 वा बोर्ड येतो आणि 39 बोर्डांच्या लेनचा मध्य 20 वा असतो. म्हणजे बॉल बाहेर टाकून मोठा हुक करून आत आणण्याची सोयच राहत नाही. अशा लेनवर लवकर आणि संथपणे वळणारा, अंदाज बांधता येणारा बॉल हवा. टोकाला झटका देणारा बॉल तेथे घातक ठरतो. तेल तेवढेच पण लांबी 40 फूट असेल, तर दहावी पिन म्हणतात तसा असममित बॉल मलाही चालेल.

ड्रिलवाला

बॉल ड्रिल करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी आधी खेळाडू पाहतो आणि बॉल नंतर. वेग जास्त आणि फेरे कमी असलेल्या खेळाडूचा बॉल तेलावर मुळातच लांब घसरतो. त्याला सॉलिड कव्हर, खरबरीत पृष्ठभाग आणि मजबूत कोअर या तिन्हींची गरज असते. ज्याच्या हाताला भरपूर फेरे आहेत आणि वेग मध्यम आहे, त्याने तोच बॉल घेतला तर तो 35 फुटांवरच दम तोडतो. ड्रिलिंगचाही विचार करायला हवा, कारण सममित बॉलमध्ये बॉलवरची पिन (कोअरच्या टोकाची खूण) आणि खेळाडूचा अक्षबिंदू (ज्याभोवती त्याचा बॉल फिरतो तो बिंदू) यांच्यातील अंतर सुमारे 3⅜ इंच ठेवले तर फ्लेअर सर्वाधिक मिळतो, आणि दहावी पिन यांच्या आक्षेपाचा मोठा भाग तेथेच निकालात निघतो.

दहावी पिन

ड्रिलवाला, लेआउटचा (ड्रिलिंगच्या रचनेचा) मुद्दा मान्य आहे. तरीही घासलेला पृष्ठभाग टिकत नाही, या अडचणीचे उत्तर कोणी दिलेले नाही. लेनवर काही गेम खेळल्यावर 1000 ग्रिटचा बॉल आपोआप गुळगुळीत होतो आणि मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळ सुरू असताना पॅड लावण्यास नियमानुसार बंदी आहे. कोअर मात्र पहिल्या फ्रेमला जसा असतो तसाच शेवटच्या फ्रेमलाही असतो.

एडिसनकर

हे खरे असले, तरी तोपर्यंत लेनही पहिल्यासारखी राहिलेली नसते. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल प्रत्येक फेकीत तेल शोषून घेतात आणि पुढचा भाग झपाट्याने कोरडा होतो. तिसऱ्या गेमला मजबूत असममित बॉल फारच आधी वळू लागतो आणि खेळाडूला तो पिशवीत ठेवावाच लागतो. थोडा गुळगुळीत झालेला सममित बॉल त्याच वेळी योग्य जागी येतो. शार्लटवासी यांचा लांबीचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो आणि ज्याचा वेग हाताच्या फेऱ्यांपेक्षा बराच जास्त आहे, त्याने असममित बॉल अवश्य घ्यावा. बाकीच्यांनी मात्र आपला सॉलिड बॉल आधी गरम पाण्यात ठेवून मुरलेले तेल काढावे, लीगच्या आदल्या दिवशी 2000 ग्रिटने चारही बाजूंनी सारखा घासावा, प्रत्येक फेकीनंतर मायक्रोफायबरने पुसावा आणि एवढे करूनही बॉल पॉकेटपर्यंत येत नसेल, तरच दुकानाची पायरी चढावी.