पुतळा, मूर्ती की शिल्प?

प्रश्न : एका शिल्पकारांच्या प्रदर्शनासाठी मराठी माहितीपत्रक लिहिते आहे. त्यांच्या कामात गणपती आहेत, पुढाऱ्यांचे अर्धपुतळे आहेत आणि टोपलीमागे बसलेली एक भाजीवाली आहे. गणपतीला मूर्ती म्हणायचं, पुढाऱ्याला पुतळा, हे कळतं. भाजीवालीला काय म्हणू? 'भाजीवालीचा पुतळा' कानाला बरं वाटत नाही. ते स्वतः सगळ्याला नुसतं 'काम' म्हणतात : "हे काम सिमेंटमधलं, ते अजून मातीत आहे."

उत्तर : शिल्पच म्हणा. पुतळा नेहमी कुणाचा तरी असतो. त्याला नाव लागतं. निदर्शनात जाळतात तो गवताचा पुतळासुद्धा नावाशिवाय होत नाही. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं उदाहरण घ्या. पुण्यात १९२८ साली बसवलेला त्यांचा अश्वारूढ शिवाजी महाराज, तो पुतळा. अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या राहत्या घरात आता संग्रहालय आहे. तिथली म्हैस आणि मत्स्यगंधा ही शिल्पं. हात एकच, पण म्हशीला कुणी पुतळा म्हणत नाही.

याहून पक्की खूण क्रियापदांत सापडते. मूर्ती घडवतात, तिची स्थापना होते, विसर्जन होतं. पुतळा उभारतात, त्याचं अनावरण होतं, जयंतीला हार पडतो. शिल्प मांडतात आणि लोक त्याच्याभोवती फिरून ते पाहतात. पत्रक लिहिताना आधी क्रियापद ठरवा, नाम आपोआप येईल.

आणखी एक प्रश्नकर्ता : 'शिल्प' म्हणजे कोरलेलंच, असं मला वाटायचं. मातीच्या कामाला तो शब्द चालतो?

उत्तर : चालतो. संस्कृतात शिल्प म्हणजे कुठलीही हातातली कारागिरी, म्हणून तर बाबासाहेबांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणतो. पण तुमच्या शंकेत एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. वेरूळचं कैलास लेणं कोरलेलं आहे : डोंगर वरून खाली फोडत नेला, जे नको ते काढून टाकलं. एकदा उडालेली कपची परत बसत नाही. मातीचं काम याच्या अगदी उलट. आधी सळ्या-तारांचा सांगाडा, त्यावर माती चढवायची, गाल जास्त भरला तर खरवडायचा, कमी पडला तर पुन्हा लावायचा. मग प्लास्टरचा साचा आणि त्यातून ब्राँझमध्ये ओतकाम. म्हणून पत्रकात सरसकट 'कोरलेले' लिहू नका. दगडातलं कोरीव, ब्राँझचं ओतीव. वर्तमानपत्रांत ब्राँझचे पुतळे सर्रास 'कोरलेले' असतात, ते वाचून फार वाईट वाटतं. पाथरवटाचं आणि ओताऱ्याचं, दोघांचंही श्रेय त्यात जातं.

मूळ प्रश्नकर्ती : हे उपयोगी पडलं. शेवटचा परिच्छेद त्यांच्या 'प्रेरणास्थानां'वर आहे. शब्द बरोबर आहे ना?

उत्तर : चुकीचा नाही, पण फ्लेक्सवर छापून छापून त्याची धार गेली आहे. त्यापेक्षा साधं 'कुणावरून केलं' लिहा. मराठीत हा प्रयोग नेमका आहे आणि वाचणाऱ्याला खरी माहिती देतो. शिल्पकार गणपतराव म्हात्रे जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी असताना त्यांनी 'मंदिरपथगामिनी' केली, प्लास्टरमध्ये. विषय काय, तर देवळात निघालेली बाई. देव आत गाभाऱ्यात आहे; म्हात्र्यांनी पाहिली ती वाटेवरची बाई आणि तिच्या अंगावरच्या लुगड्याच्या चुण्या. सासवण्याची म्हैसही अशीच, रोज दिसणाऱ्या जनावरावरून. ही नजर पत्रकात आली पाहिजे. 'निसर्ग हे त्यांचे प्रेरणास्थान' या वाक्यातून ती दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्ती : मग असं लिहिते : 'भाजीवाली. सिमेंट. घराजवळच्या मंडईत बसणाऱ्या बाईंवरून.' त्या बाई उद्घाटनाला येणार आहेत. त्यांचं नाव घातलं तर त्या नियमाने तो पुतळा होईल का?

उत्तर : नाही. गावाने, संस्थेने ठरवून उभारला तर पुतळा. शिल्पकाराने आपल्या ओढीने एका माणसाचं केलं तर त्याला 'व्यक्तिशिल्प' हा चांगला रुळलेला शब्द आहे. बाईंना विचारा, त्यांची हरकत नसेल तर नाव जरूर घाला आणि खाली 'व्यक्तिशिल्प, सिमेंट' लिहा.