मदत हवी आहे: सी ड्राइव्ह भरलाय, पण जागा कशाने खाल्ली तेच सापडत नाही

मंडळी, घरच्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह सारखा लाल होतोय. एसएसडी २५६ जीबीची, विंडोज ती २३८ दाखवतं (हा फरक मोजण्याच्या पद्धतीचा, तो माहीत आहे). त्यातले जेमतेम ४ जीबी शिल्लक. लपवलेल्या फाइलही दिसतील असं सेटिंग करून सगळे फोल्डर एकदम निवडले आणि प्रॉपर्टीज पाहिल्या, तर बेरीज १५० जीबीच्या आसपासच येते. मग उरलेले ऐंशीएक जीबी गेले कुठे?

रीसायकल बिन रिकामा आहे. डिस्क क्लीनअप ॲडमिन म्हणून चालवलं, जुन्या अपडेटच्या फाइल गेल्या. हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करायची सोय) बंद केल्यावर थोडी जागा सुटली, पण काही दिवसांत तीही भरली.

माझा संशय 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन'वर आहे. परवानगी नसल्याने तो फोल्डर शून्य बाइट दाखवतो आणि रिस्टोअर पॉइंट (बिघाड झाला तर मागे जाण्यासाठी विंडोज जपून ठेवतं त्या आधीच्या स्थितीच्या नोंदी) तर तिथेच साठतात. सिस्टिम प्रोटेक्शनमधला, या पॉइंटना किती जागा द्यायची त्या मर्यादेचा स्लायडर पार उजव्या टोकाला आहे. तो मागे ओढला तर फक्त जुने पॉइंट पुसले जातील की सगळेच? निदान ताजा एक तरी राहायला हवा. मशीन घरातले सगळे वापरतात, अपडेट बिघडलं तर मागे जाता आलं पाहिजे.

की दुसऱ्या यूजरचे फोल्डर या मोजणीतून सुटले असतील? तसं असेल तर खरा आकार कसा बघायचा? फॉरमॅट करायचं नाहीये, त्यामुळे कृपया तो सल्ला सोडून सांगा.