मौजेखातर गांजा: परवान्याने विक्री, केवळ शिक्षामाफी, की आहे तीच बंदी?

नौपाडेकर, ठाणे (चर्चेचा प्रस्ताव)

गांजाच्या औषधी उपयोगाचा प्रश्न मी येथे बाजूला ठेवतो. प्रौढ व्यक्तीने केवळ मौजेखातर, स्वतःच्या इच्छेने केलेल्या सेवनाविषयी माझे मत असे आहे की, एकवीस वर्षांवरील व्यक्तीला सरकारी परवाना असलेल्या दुकानातून, ठरावीक प्रमाणात आणि प्रयोगशाळेत तपासलेला गांजा विकत घेता आला पाहिजे.

आज जो एनडीपीएस कायदा (अमली पदार्थांना आळा घालणारा केंद्रीय कायदा) लागू आहे, तो १९८५ सालचा आहे. त्यापूर्वी देशाच्या अनेक भागांत गांजा परवान्याने विकला जाई आणि सरकार त्यावर कर घेई. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने अकराशेहून अधिक साक्षीदारांचे म्हणणे ऐकून पुढच्या वर्षी असा अहवाल दिला की, माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि म्हणून संपूर्ण बंदीपेक्षा कर व परवाना हाच मार्ग योग्य आहे. पुढे अमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला, त्यात गांजाचा औषधाव्यतिरिक्त वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची अट होती, आणि ती मुदत संपत आली तेव्हा हा कायदा झाला. त्यातही भांगेची पाने व्याख्येबाहेर ठेवली गेली. झाडाचे पान राज्याच्या नियमांवर सोपवायचे आणि त्याच झाडाच्या फुलोऱ्यासाठी माणसाला कोठडीत घालायचे, यामागे आरोग्याचा कोणता विचार आहे, हे मला आजवर कळलेले नाही.

बंदीने गांजा नाहीसा झाला असता तर मी हा विषय काढलाच नसता. शिरपूरच्या डोंगराळ भागातून, आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून तो आजही आपल्या शहरांत येतो. पुडीत काय मिसळले आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि सगळा पैसा टोळ्यांकडे जातो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे ठाण्यातील कोणत्याही टपरीवर पाहावे. कॅनडाने २०१८ मध्ये आणि त्याआधी उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा करून हा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आणला. आपणही जाहिरातीवर पूर्ण बंदी घालून, नशेच्या घटकाच्या प्रमाणावर मर्यादा घालून आणि सर्व महसूल व्यसनमुक्ती केंद्रांसाठी राखून ते करू शकतो.

कळव्याची परिचारिका

नौपाडेकर, आपण विषय तळमळीने मांडला आहे, पण मी मानसोपचार विभागात काम केले आहे आणि आपल्या प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे.

१८९४ च्या अहवालातला गांजा आणि आज मुले ओढतात तो गांजा यांची ताकद एक नाही. नशा आणणारा टीएचसी हा घटक निवडक वाणांतून आणि बंदिस्त खोलीतील लागवडीतून कित्येक पटींनी वाढवला गेला आहे. थायलंडहून येणारा जो ‘हायड्रोपोनिक’ (मातीविना, पाण्यावर वाढवलेला) गांजा मुंबईच्या विमानतळावर वारंवार पकडला जातो, तो याच जातीचा. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. कोवळ्या वयात, रोज आणि तीव्र गांजा ओढणाऱ्यांमध्ये भ्रम, संशय, कानात आवाज येणे अशा मनोविकारांचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून पुढे आले आहे. घरात ज्यांना स्किझोफ्रेनियाचा इतिहास आहे, त्यांच्यासाठी तर हा खेळ फारच घातक आहे. जो मुलगा कालपर्यंत अभ्यास करत होता, तो आईने वाढलेल्या ताटात विष आहे असे म्हणू लागतो, तेव्हा त्या आईला महसुलाची आकडेवारी सांगून काय उपयोग?

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भांग, गांजा आणि चरस मिळून वर्षभरात सेवन करणारे सुमारे ३.१ कोटी लोक होते, तर मद्य घेणारे सुमारे १६ कोटी. मद्यामुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे लोक ५.७ कोटी, भांग-गांजामुळे सुमारे ७२ लाख. बंदी निरुपयोगी आहे, असे आपण म्हणता. मला मात्र या आकड्यांत, जे परवान्याने खुलेआम मिळते ते कितीजणांपर्यंत पोहोचते आणि जे चोरून घ्यावे लागते ते कितीजणांपर्यंत, यातला फरक दिसतो. मद्याने उद्ध्वस्त झालेल्यांनाच खाटा पुरत नसताना दुसरे दुकान उघडण्याची घाई कशासाठी?

फौजदारी वकील, बेलापूर

दोन वेगळे प्रश्न येथे एकत्र झाले आहेत. दुकाने उघडणे हा एक प्रश्न आणि सेवन करणाऱ्याला गुन्हेगार न मानणे हा दुसरा. पहिल्याला माझा विरोध आहे, दुसऱ्याला पूर्ण पाठिंबा.

आजचा कायदा काय आहे, ते आधी सांगतो. कलम २७ प्रमाणे गांजाच्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गांजा बाळगण्यात एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ आणि वीस किलोपेक्षा जास्त असेल तर ‘व्यावसायिक’ मानले जाते. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत, तर व्यावसायिक प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आहे. कागदावर ही श्रेणी समंजस दिसते. प्रत्यक्षात चिलीम ओढताना सापडलेल्या पोराची शिक्षा निकालाच्या कितीतरी आधी सुरू होते. अटक, वैद्यकीय तपासणी, पंचनामा, रासायनिक अहवालाची वाट पाहणे, तारखांना हजर राहण्यासाठी बुडालेली मजुरी, आणि पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत निघालेला तो गुन्हा. मोठ्या संकुलातल्या मुलाचे वडील पहिल्याच दिवशी वकील उभा करतात. नाक्यावरच्या हमालाला किंवा बिगाऱ्याला जामीनदारसुद्धा मिळत नाही. एकाच कृत्यासाठी एकाचे आयुष्य सावरते आणि दुसऱ्याचे मोडते, हे मी न्यायालयात पाहत आलो आहे आणि मला ते सहन होत नाही.

याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचारासाठी गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकते. मात्र ही तरतूद व्यसनी माणसासाठी आहे. ज्याने दोनदा-चारदा गांजा ओढला आणि जो व्यसनी नाही, त्याने हे संरक्षण मिळवण्यासाठी स्वतःला व्यसनी म्हणवून घ्यायचे का? पोर्तुगालने २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले आणि अशा व्यक्तीला न्यायालयाऐवजी समुपदेशक व विधिज्ञांच्या समितीपुढे पाठवण्याची पद्धत ठेवली. विक्री तिथे गुन्हाच राहिली. आपल्याला हेच हवे आहे.

खारघरची प्राध्यापिका

वकीलसाहेब, आपल्या करुणेविषयी मला आदर आहे, पण माझ्या परिसरात महाविद्यालयांची दाटी आहे आणि मी रोज या वयाच्या मुलांमध्ये वावरते. मित्रांच्या आग्रहाला नकार देण्यासाठी कित्येक मुलांच्या हातात कायद्याची भीती एवढे एकच कारण असते. ‘पकडले गेलो तर पासपोर्टचे काय, नोकरीचे काय’ असे म्हणून मुलगा सुटू शकतो. ते कारण आपण काढून घेतले, तर त्याच्या जागी काय देणार?

आणि नौपाडेकर, गुटख्याचे जे उदाहरण आपण दिलेत, ते आपल्याच विरुद्ध जाते. शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत सिगारेट विकू नये, असा नियम २००३ च्या कायद्यात आहे आणि तो सर्रास मोडला जातो. जी यंत्रणा हा साधा नियम राबवू शकत नाही, ती गांजाच्या दुकानात एकवीस वर्षांचा दाखला तपासेल, हे मी कशाच्या आधारावर मानू? थायलंडने २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियम पुढे करू म्हणून सांगितले, गल्लोगल्ली दुकाने निघाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली.

नौपाडेकर, ठाणे

थायलंडने नियमांच्या आधी दुकाने उघडली. मी नियम आधी मागतो आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१४ पासून दुकाने आहेत. तेथील शालेय सर्वेक्षणात महिनाभरात गांजा घेतलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१९ पर्यंत वीस टक्क्यांच्या आसपासच राहिले आणि २०२१ मध्ये तेरा टक्क्यांवर आले. दुकाने आली की मुले बिघडणारच, असे यावरून म्हणता येत नाही.

वकीलसाहेबांना माझा एकच प्रश्न आहे. ओढणाऱ्याला सोडायचे आणि विकणाऱ्याला पकडायचे, असे ठरले तर ओढणारा माल आणणार कुठून? त्याच टोळीकडून. तो विक्रेता गांजाबरोबर एमडीची (मेफेड्रोन या रासायनिक अमली पदार्थाची) पुडीही खिशात ठेवतो. ग्राहकाला त्याच्या दारापासून तोडायचे असेल, तर कायदेशीर पुरवठा हवाच.

कळव्याची परिचारिका

कोलोरॅडोचा आपण दिलेला आकडा खरा आहे. पण त्याच राज्याला २०२१ मध्ये अतितीव्र अर्कांच्या विक्रीवर नवे निर्बंध घालावे लागले, विशेषतः अठरा ते वीस वयोगटासाठी. कारण बाजार एकदा उभा राहिला की तो साध्या फुलोऱ्यावर थांबत नाही. अर्क, पेये, चॉकलेट, गोळ्या येतात. अमेरिकेत गांजायुक्त खाऊ चुकून खाल्लेल्या सहा वर्षांखालील मुलांच्या नोंदी विषबाधा केंद्रांकडे २०१७ मध्ये २०७ होत्या, त्या २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. ही मुले कोणत्या इच्छेने सेवन करत होती?

वकीलसाहेबांच्या मार्गाला मात्र मी नाही म्हणणार नाही. पोलीस येतील या धास्तीने नातेवाईक रुग्णाला उशिरा आणतात, आणल्यावरही काय घेतले ते सांगत नाहीत, आणि उपचाराचे पहिले दिवस अंदाजात जातात. तो उशीर कमी झाला, तरी पुष्कळ मिळवले.

वाहतूक व्यावसायिक, तुर्भे

एक व्यवहाराचा मुद्दा. मद्यासाठी शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही मर्यादा ठरलेली आहे आणि फुंकर मारून ती जागेवर तपासता येते. गांजाचे अंश नशा उतरल्यावरही शरीरात कित्येक दिवस सापडतात, त्यामुळे चालक आत्ता नशेत आहे की गेल्या आठवड्यात होता, हे नाक्यावर कळत नाही. न्हावाशेव्याच्या रस्त्यावर रात्री कंटेनर चालवणाऱ्या माणसाला मी कोणत्या तपासणीवर गाडीची चावी द्यावी, ते आधी कोणी सांगावे.

फौजदारी वकील, बेलापूर

तुर्भ्याच्या बंधूंची अडचण रास्त आहे आणि म्हणूनच नशेत वाहन चालवणे कोणत्याही सुधारणेनंतर गुन्हाच राहिले पाहिजे.

नौपाडेकर, पुरवठ्याचा आपला प्रश्न टाळण्यासारखा नाही. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून दुकाने न उघडता प्रौढांना घरी तीन झाडे लावण्याची आणि बाहेर पंचवीस ग्रॅमपर्यंत बाळगण्याची मुभा दिली. विक्री नाही, म्हणून जाहिरात नाही आणि नफ्यासाठी ग्राहक वाढवणारा व्यापारीही नाही. आपल्याकडे त्यासाठी संसदेलाच कायदा बदलावा लागेल, पण टोळीला बाजूला सारण्याचा तो एक मार्ग आहे.

खारघरची प्राध्यापिका

जर्मनीतले घर आणि आपल्याकडची दोन खोल्यांची सदनिका यांत फरक आहे, वकीलसाहेब. आपल्याकडे आजी, आई-वडील आणि शाळकरी भावंडे एकाच खोलीत राहतात. ती झाडे खिडकीच्या जाळीत, मुलांच्या हाताशीच वाढणार. पोराला कोठडीत घालू नका आणि त्याच्या नावावर कायमचा गुन्हा लिहू नका, एवढे आपण मागितलेत तर मी आपल्याबरोबर सही करीन. घरात झाड लावण्याच्या परवानगीवर माझी सही मिळणार नाही.