भावंड गेल्यानंतर : अनुभव धागा

माझा थोरला भाऊ जाऊन येत्या पावसाळ्यात तीन वर्षे होतील. त्या दिवसांत भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला 'आता आईला सांभाळ' आणि 'वहिनीकडे लक्ष दे' असे बजावले. माझे काय गेले, हे विचारणारे फार थोडे होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात लाजर मरतो, ती गोष्ट मात्र आईवडिलांची नाही आणि बायकोमुलांचीही नाही. ती मार्था आणि मरीया या त्याच्या दोन बहिणींची आहे, आणि पुनरुत्थानाविषयीचे ख्रिस्ताचे वचन एका बहिणीच्या तक्रारीला उत्तर म्हणून आलेले आहे. म्हणून ठाणे आणि नवी मुंबईतल्या आपल्या ख्रिस्ती लोकांना विनंती आहे की, भावंड गेल्यावर स्वर्गाच्या आशेने तुम्हाला काय दिले आणि काय दिले नाही, ते येथे मोकळेपणाने लिहावे. प्रवचने नकोत.

ठाणे

आम्ही कॅथलिक. मासुंदा तलावाजवळच्या योहान बाप्तिस्ताच्या जुन्या चर्चमध्ये आम्हा दोघी बहिणींचा बाप्तिस्मा झाला. धाकटी कर्करोगाने गेली. शहरात कबरींना जागा अपुरी, त्यामुळे तिला कायमची कबर मिळाली नाही, आणि काही वर्षांनी ती उघडायची वेळ आली तेव्हा घरातले कोणीतरी हजर असणे भाग होते. आई थकलेली, भाऊ परदेशी, म्हणून मी गेले. खणणाऱ्या मामांनी एकेक हाड हाताने पुसून पांढऱ्या कापडावर ठेवले. तिच्या हातात दिलेल्या जपमाळेचा दोरा कुजून गेला होता, पण निळे प्लास्टिकचे मणी जसेच्या तसे होते. डाव्या हाताच्या हाडावर एक गाठ दिसली. ती आठ वर्षांची असताना मी तिला झोपाळ्यावरून ढकलले होते, हात मोडला होता, आणि 'पाय घसरला' असे सांगून तिने मला आईच्या मारापासून वाचवले होते.

जपमाळेच्या सुरुवातीला विश्वासाचा अंगीकार म्हणताना 'देहाचे पुनरुत्थान' हे शब्द मी लहानपणापासून उच्चारत आले आहे, परंतु देह म्हणजे ती गाठसुद्धा, हे मला त्या सकाळपर्यंत सुचले नव्हते. आता तिच्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात आहेत. 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही तेथे मेणबत्त्या लावतो.

ऐरोली

आमचे घराणे मूळचे नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेले. माझ्या पाठच्या भावाने मात्र कॉलेजपासून उपासनेला येणे सोडले होते, आणि विचारले तर हसून विषय बदलायचा. दफनविधीनंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, 'शेवटी त्याने प्रभूला स्वीकारले होते ना?' त्या एका प्रश्नाने माझी कित्येक महिने झोप उडवली. आमच्यात मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत नाही; शेजारचे कॅथलिक कुटुंब आपल्या गेलेल्या माणसासाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) सांगत असे, तेव्हा मला त्यांचा चक्क हेवा वाटे. निदान त्यांच्या हाताला काही काम तरी होते.

मला थोडा आधार पंडिता रमाबाईंच्या चरित्राने दिला. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेल्यावर त्या भावाबरोबर पायी देशभर हिंडल्या; 1880 साली तोही गेला, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला तो 1883 साली. म्हणजे ज्या बाईने पुढे अख्खे बायबल मराठीत आणले, तिचा भाऊ ख्रिस्ती न होताच गेला होता. त्यातून मला कोणताही सिद्धांत काढायचा नाही. आमचे पाळकसाहेब एवढेच म्हणाले, 'न्याय करणे तुझ्याकडे दिलेले नाही, ते ओझे खाली ठेव.' अजून पुरते ठेवता आलेले नाही.

बेलापूर

माझा भाऊ खाडीवर गळ टाकून तासन्‌तास बसायचा. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात देव डोळ्यांतले सारे अश्रू पुसून टाकील असे आहे, त्याने धीर येतो. पण त्याच अध्यायाच्या पहिल्याच वचनात समुद्र उरणार नाही असेही आहे, आणि तेथे मी दर वेळी अडखळतो. समुद्र नाही तर तो तेथे करणार काय?

वाशी

'रडू नकोस, ताई प्रभूकडे गेली' असे मला इतक्यांनी सांगितले की शेवटी मी बायबलमधले, पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र पुन्हा उघडले. आशा नसलेल्यांसारखे दुःख करू नका, असे पौल म्हणतो. दुःखच करू नका, असे तो कोठेही म्हणत नाही.

पण माझी अडचण वेगळी होती. गावच्या घराच्या वाटणीवरून ताईशी माझे बोलणे बंद होते, आणि त्या अबोल्यातच ती हृदयविकाराने अचानक गेली. स्वर्गात भेट होईल, हे वाक्य इतरांना दिलासा देते, मला त्याचा धाक वाटू लागला, कारण भेट होणार म्हणजे ती मला विचारणारही. गेल्या महिन्यात मी त्या घरातला माझा वाटा सोडून भाच्यांच्या नावे हक्कसोडपत्र केले. निबंधक कार्यालयात आमचा नंबर लागेपर्यंत दीड तास बाकावर बसून होतो, आणि तेवढा वेळ, ओठ न हलवता, मी ताईशी बोलत होतो.