विंडोज १० वरून ११ घेतलं आणि जुन्या पत्रिका उघडेनात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिकला रविवार कारंज्याजवळ आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं. मराठी मजकूर अजूनही वडिलांनी घेतलेल्या सॉफ्टवेअरवरच टाइप करतो. यूएसबीला डोंगल (सॉफ्टवेअरसोबत मिळालेली पेनड्राइव्हसारखी किल्ली) लावल्याशिवाय ते उघडत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचं आणि जीएसटीचं कामही याच मशीनवर, त्यामुळे जिवाला घोर होता. मशीन २०१८ चं, आठव्या पिढीचा आय-थ्री, म्हणजे ११ चालण्यासारखं. ओळखीच्या एका दुकानात नेऊन दिलं, संध्याकाळी परत मिळालं. आमचा डेटा त्यांनी नीट काढून परत टाकला, त्याबद्दल तक्रार नाही.

सकाळी डोंगल लावलं. त्याचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. सीडीवरून सॉफ्टवेअर परत टाकायला गेलो, तर हे ॲप या पीसीवर चालणार नाही असा मेसेज. मग कोरलमध्ये (पत्रिकेची मांडणी करायचं सॉफ्टवेअर) एक जुनी पत्रिका उघडली. वरचा गणपती जागच्या जागी, आणि खाली 'चि. सौ. कां.' होतं तिथे इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, उलटसुलट कंस. वडील मागे उभे होते, काही न बोलता खुर्चीत जाऊन बसले.

दुकानात फोन केला. "तुमचं आधीचं विंडोज ३२-बिट होतं, ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला आम्ही काय करणार?" हे खरं असेल. पण ३२ वरून ६४ वर जाताना डिस्क पुसून नव्याने टाकावं लागतं, हे त्यांना मशीन उघडल्या उघडल्या कळलंच असणार. तेव्हा एक फोन करायला काय हरकत होती? मी नको म्हटलं असतं. दहा दिवसांत मागे जाता येतं असं वाचून सेटिंग्ज धुंडाळल्या, पण जुनं विंडोजच शिल्लक नाही, तर मागे जाणार कुठे?

दिंडोरीचं एक गिऱ्हाईक थांबलंय. थोरलीची पत्रिका आम्हीच केली होती, धाकटीची तशीच हवी. भावकीची चाळीसेक नावं, मानपानाच्या क्रमाने लावलेली. त्यातलं एक जरी खालीवर झालं तर लग्नघरात रुसवे होतात. ही फाईल वाचता येईल का? आणि डोंगल पुन्हा चालेल का?

प्रतिसाद:
दादा, दोन गोष्टी वेगळ्या करा. फाईल बिघडलेली नाही, नवीन विंडोजमध्ये तुमचे फॉन्ट नाहीत एवढंच. सीडीवर फॉन्टचा फोल्डर असेल, त्यातल्या टीटीएफ (फॉन्टच्या) फायली निवडून राइट क्लिक करून इन्स्टॉल करा. त्या ११ वरही चालतात.

डोंगलचा ३२-बिट ड्रायव्हर (विंडोजला डोंगल ओळखू देणारा प्रोग्रॅम) ६४-बिट विंडोज घेतच नाही, आणि सीडीवरचा सेटअप त्याहून जुना, १६-बिट असेल तर तोही चालणार नाही. आधी कंपनीकडे ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का विचारा. नसेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका विंडोजच्या आत दुसरं विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) ३२-बिट विंडोज १० टाका, डोंगल त्याला जोडून देता येतं. त्या विंडोजचं लायसन्स वेगळं लागेल. रॅम ४ जीबी असेल तर निदान ८ करा. आणि त्या जुन्या विंडोजला इंटरनेट देऊ नका, बँकेचं काम ११ वरच ठेवा.

धागाकर्ता:
ताई, फॉन्ट सापडले! टाकले, कोरल बंद करून पुन्हा उघडलं, आणि अख्खी भावकी जशीच्या तशी दिसली. वडिलांनी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक नाव वाचून काढलं. नवीन नावं तूर्त युनिकोड फॉन्टमध्ये (त्याला डोंगल लागत नाही) टाइप करतोय, वळण थोडं वेगळं दिसतं, पण गिऱ्हाइकाने प्रूफ पाहून होकार दिला. डोंगलच्या कंपनीला आजच ईमेल केलाय. उत्तर आलं की इथेच कळवतो.